बॅटरी संपली होती

आमच्या केंद्रावरचे ग्रेडरसाहेब बिनखिशाचा शर्ट घालायचे. खिसा फाटला किंवा उसवला होता असं नाही, शिंप्याला बजावून तसाच शिवून घेतलेला. पँटचे खिसे त्यांच्या थोरल्या बहिणीने घरी सुईदोरा घेऊन बंद केले होते. पेन कानावर, बसचे पैसे रुमालाच्या गाठीत, घराची किल्ली करदोट्याला. पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहून हसलो, तेव्हा ते चिडले नाहीत. म्हणाले, "राजा, गाडीत हात घालणाऱ्या माणसाले खिसा असला का लोक हाताकडे पाह्यत नाहीत, खिशाकडे पाह्यतात."

गाडीत हात घालणं हे त्यांचं कामच होतं. कापूस खरेदी केंद्रावर बैलगाड्या यायच्या. साहेब गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात खुपसायचे, मूठभर कापूस ओढून काढायचे, धागा ताणून पाहायचे, मग एक सरकी दाताखाली धरायचे. सरकी कट्‌कन फुटली तर माल कोरडा, नुसती दबली तर ओला. मग ते प्रत सांगायचे आणि पाच-सहा पावलांवर टेबल टाकून बसलेला मी ती पावतीवर लिहायचो. मी हंगामी कारकून. चार महिने नोकरी आणि आठ महिने घरच्यांची बोलणी.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळी, पडलेला भाव, केंद्र आज चालू तर उद्या बंद, आणि फाटकापासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. माणसं चार-चार दिवस गाडीखाली झोपायची. सकाळच्या पेपरात आत्महत्येच्या बातमीखाली ज्या गावांची नावं यायची, तीच दुपारी माझ्या पावत्यांवर यायची. नाव लिहिताना माझा हात थांबला की समोरचा माणूस म्हणायचा, "हाव, तेच गाव. लिहा." अशा दिवसांत ज्याच्या एका शब्दावर गाडी आत जाते किंवा परत फिरते, त्या माणसाला कोणी जीव लावत नाही. साहेबांची तशी अपेक्षाही नव्हती. त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती. आपल्यामागे कोणी "हा खात होता" असं म्हणू नये. एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी जे काय केलं ते ऐकून कोणीही म्हणेल की माणूस अर्धवट होता. होताच.

शेतकऱ्याच्या हातचा चहा नाही, पाणी नाही, तंबाखूची चिमूट नाही. घरून आणलेला डबा रांगेकडे पाठ करून खायचा. एकदा एका म्हातारीने माझ्या टेबलावर चार सीताफळं ठेवली आणि ती निघून गेली. साहेब ती सीताफळं ओंजळीत धरून अख्ख्या रांगेतून हिंडले. "हे कोणाचे? ज्याचे असतीन त्यानं न्या." शेवटी म्हातारी तोंड लपवत पुढे आली आणि पदरात घेऊन गेली. मला साहेबांचा राग आला होता. एक तर ती बिचारी मेल्याहून मेल्यासारखी झाली, आणि दुसरं म्हणजे सीताफळं फार चांगली होती.

जगातली प्रत्येक गोष्ट ते प्रतीत मोजायचे. चांगलं ते सुपर. वाईट ते कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. एसटीचा ड्रायव्हर सुपर, कंडक्टर कवडी. माझ्याबद्दलचा निकाल त्यांनी पहिल्याच आठवड्यात दिला होता, "अक्षर सुपर, हजेरी कवडी." बहिणीच्या भाजीला मात्र प्रत लावत नसत. एकदाच लावली होती म्हणे, आणि त्या दिवशी उपाशी राहिले होते. लग्न त्यांनी केलं नव्हतं. ही विधवा ताई आणि ते, यवतमाळला दोन खोल्यांत भाड्याने राहायचे.

खिसा शिवून लोकांची तोंडं शिवली जात नाहीत. तिसऱ्या हंगामात कोणीतरी उठवलं, "खिसा नाही तं काय झालं? थेट बहिणीच्या घरी पोचवतात." हे साहेबांच्या कानावर आलं तेव्हा मी शेजारी होतो. त्या दिवशी त्यांनी डब्याला हात लावला नाही. चार दिवसांनी केंद्रावर आले ते खांद्याला कॅमेरा लावून.

यवतमाळच्या एका डॉक्टरांनी मुलीच्या लग्नासाठी घरगुती व्हिडिओ कॅमेरा घेतला होता आणि मग तो कपाटात पडून होता. साहेबांनी तो तीन पायांच्या स्टँडसकट विकत घेतला. पट्ट्यात हात घालून धरायचा, तळहातापेक्षा थोडा मोठा. केंद्रावर सगळ्यांना वाटलं, साहेब आता लग्नाच्या शूटिंगचा जोडधंदा करणार. साहेबांनी स्टँड पहिल्या गाडीच्या चाकाशी रोवलं, कॅमेऱ्याचं तोंड आपल्या हाताकडे केलं आणि बटण दाबलं.

"आता बोला म्हणा," ते म्हणाले. "मी कोणासंगं काय बोललो, कोणाच्या हाताले हात लावला, सारं याच्यात राह्यीन."

"दिवसभर चालू ठेवणार?" मी विचारलं.

"दिवसभर. मधात बंद केला तं लोक विचारतीन, बंद होता तवा काय केलं?"

त्यांचं बोलणं बरोबर होतं, पण कॅमेऱ्याची बॅटरी ते ऐकायला तयार नव्हती. चाळीस मिनिटांत तिने मान टाकली. केंद्रावर वीज सकाळी यायची तर दुपारी जायची, आणि भारनियमनाचं वेळापत्रक वीजवाल्यांनाही पाठ नव्हतं. शेजारच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जनरेटर होतं, मालक वायर द्यायला तयार होता. साहेब म्हणाले, "त्याची वायर घेतली का उद्या त्याचा शब्द घ्या लागते." म्हणजे घरी चार्ज करून आणलेल्या बॅटऱ्यांवरच दिवस काढायचा. एक मूळची, ती चाळीस मिनिटांची. आणि एक जास्तीची, जी उरलेला दिवस ओढून नेईल.

ती बॅटरी निवडायला आम्ही तीन रविवार यवतमाळच्या बाजारात घालवले. लोक मुलीला स्थळ पाहतात तेही इतकं पाहत नाहीत.

दुकानदाराने काचेवर दोन बॅटऱ्या ठेवल्या. आकार सारखा, वर छापलेला आकडाही सारखा. एक स्वस्त, दुसरी जवळजवळ दुप्पट महाग.

"ये लो साहेब, ही सस्तीवाली घ्या. चार घंटे गॅरंटीनं चालते."

"कोणाची गॅरंटी?"

"कंपनीनं लिहिलं न त्याच्यावर."

"शेतकऱ्यानं सांगतलं माल कोरडा आहे, तं मी न पाह्यता सुपर लिहितो का?"

साहेबांनी दोन तळहातांवर दोन बॅटऱ्या घेतल्या, डोळे मिटले, हात जरा खालीवर केले आणि तसेच दुकानाबाहेर पडले. दुकानदार मागून ओरडला. साहेब शेजारच्या सराफाकडे गेले आणि म्हणाले, या तोला. सराफाने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पण काट्यावर खरोखरच स्वस्तातली बॅटरी चांगलीच हलकी निघाली. साहेबांचा चेहरा असा काही खुलला की सराफानेही हसून पाणी विचारलं. ते अर्थातच घेतलं नाही.

"पाहा राजा," ते मला म्हणाले, "कापसात वजन जास्त असलं का पाणी समजायचं, अन् बॅटरीत कमी असलं का पोकळ समजायचं. आकडा कोणीही छापते."

जड बॅटरी घरी आली. तिची परीक्षा घेण्याची त्यांची रीत अशी: पूर्ण चार्ज करायची, कॅमेरा भिंतीवरच्या घड्याळासमोर मांडायचा आणि बटण दाबून बसायचं. कॅसेट संपली की मागे फिरवून पुन्हा तीच. बॅटरी जिथे दम तोडेल तिथे घड्याळात किती वाजले ते कॅसेटवर आपोआप राहतं. ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "घड्याळाचं लगन लावून राह्यला का रे?" पहिली जड बॅटरी दोन तासांतच गेली. साहेबांनी ती परत नेली. दुकानदार म्हणाला, माल खरा आहे. साहेब म्हणाले, "खरा आहे, पण बुढा आहे. किती वर्षं पडून होता तुमच्या कपाटात?" आणि ते चूक नव्हते. बॅटरी न वापरताही म्हातारी होते, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या रविवारी ताज्या तारखेची आली. घड्याळासमोर ती साडेतीन तास चालली. साहेबांनी तिच्यावर पेनने 'सुपर' लिहिलं. दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "असे गिऱ्हाईक रोज दोन आले तं मी दुकान बंद करून संत्रे इकीन."

साडेतीन तास आणि चाळीस मिनिटं. मधल्या जेवणाच्या सुट्टीत मूळची बॅटरी ताईंच्या ओळखीच्या एका घरी चार्ज व्हायची. असा दिवस भागायचा. थंडीच्या सकाळी बॅटरी लवकर उतरते, म्हणून 'सुपर' बॅटरी साहेब बनियनच्या आत पोटाला बांधायचे, ताईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने. खिसा नव्हता ना. बॅटरी आणि भरलेली कॅसेट बदलायचं काम माझं. ती बदलेपर्यंतचं अर्धं मिनिट कॅमेरा बंद राहायचा, आणि तेवढं अर्धं मिनिट साहेब रांगेकडे तोंड करून दोन्ही हात वर करून उभे राहायचे. रांगेतून ओरडा व्हायचा, "हात वर! ग्रेडर, हात वर!" पोलिसांनी पकडलेल्या चोरासारखे ते दिसायचे. मला लाज वाटायची. त्यांना मात्र त्या अर्ध्या मिनिटात काहीतरी मिळायचं. दोन हंगाम असे गेले. "खातो" हा शब्द खरंच कमी झाला. त्याऐवजी "येडा" हा शब्द आला, आणि साहेबांनी तो आनंदाने घेतला.

तो दिवस पौषातला. थंडी ओसरून दुपारचं ऊन चढलं होतं. दारव्ह्याकडच्या एका खेड्यातल्या म्हाताऱ्याची गाडी चौथ्या दिवशी समोर आली. म्हातारा बारीक, डोक्याला पांढरं फडकं, बोलणं हळू. त्याच्याबरोबर त्याचा तिशीचा मुलगा होता, तो तेवढ्यात भजी आणायला फाटकाकडे गेला होता. साहेबांनी गाडीत हात घातला. बाहेर काढलेली मूठ दाबली. बोटांमधून पाणी आलं. वरचा कापूस खडखडीत, पोटातला चिंब. वजन वाढावं म्हणून असं पाणी मारलं जायचं. दव म्हणावं तर दव वरून पडतं.

म्हातारा त्या मुठीकडे पाहत राहिला. मग साहेबांच्या अगदी जवळ जाऊन काहीतरी बोलला. जिनिंगचा जनरेटर धडधडत होता, मला काही ऐकू आलं नाही. साहेबही हळूच काही बोलले. भांडण नाही, हातघाई नाही. म्हाताऱ्याने स्वतःच बैलांचा कासरा धरला आणि गाडी बाजूला घेतली. साहेब म्हणाले, "पुढची."

म्हाताऱ्याने ताडपत्री अंथरली आणि कापूस वाळत घातला. मुलगा आला, त्याने विचारलं असावं, म्हातारा हातानेच "जाऊ दे" म्हणाला. चारच्या सुमारास म्हातारा कापसावर आडवा झालेला मी पाहिला. मला वाटलं, झोपला. सगळ्यांनाच वाटलं. सहाला मुलगा उठवायला गेला, तेव्हा अंग गार पडलं होतं.

मुलगा कापसातून उठला आणि ओरडला, "पैसे मांगतले त्यानं! नाही देल्ले म्हणून गाडी फिरवली! माह्या बुढ्याले मारलं!" चार-चार दिवस थंडीत काढलेली दोनशे माणसं त्या एका ओरडण्याची वाट पाहत असल्यासारखी धावली. माझं टेबल उलटलं. साहेबांचा शर्ट फाटला. ते दोन्ही हात वर करून उभे होते, आणि लोक त्यांना मारत होते. मी काय केलं? मी कॅमेरा आणि कॅसेटची पिशवी उचलली आणि बारदानाच्या ढिगात तोंड खुपसून बसलो. साहेबांसाठी पुरावा वाचवला, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी गेलो. कपाळावर टाके, एक डोळा मिटलेला. अकराला वीज आली तेव्हा आम्ही कॅमेऱ्याची वायर ताईंच्या छोट्या टीव्हीला जोडली. त्या दुपारची कॅसेट घालून मागे नेली. म्हातारा आला. हात आत गेला, मूठ बाहेर आली, पाणी टपकलं. कॅमेरा चाकाशी असल्यामुळे मला जे ऐकू आलं नव्हतं ते स्वच्छ ऐकू आलं.

"साहेब," म्हातारा म्हणत होता, "हे पोराचं काम आहे. मले आत्ता समजलं. रातच्याला मारलं असन त्यानं."

साहेबांनी मूठ उघडून कापूस गाडीत परत टाकला होता.

"त्याले सांगू नका साहेब, का मले समजलं म्हणून. जवान माणूस आहे. जिवाले लावून घेईन. दिवस कसे आहेत पाह्यता न तुम्ही."

"नाही सांगत," साहेबांचा आवाज आला. "पण बाबा, माल घेता येत नाही."

"नका घेऊ. मी वाळवतो न."

मग कासरा धरलेला हात, बैलाचं शिंग, आणि "पुढची."

मी जवळजवळ ओरडलोच. "साहेब! सुटलात तुम्ही! याच्यापुढे कोण काय बोलेल?"

साहेब टीव्हीकडे पाहत होते. म्हणाले, "त्यानं काय म्हटलं ते ऐकलं न तुम्ही?"

"ऐकलं ना. तेच तर—"

"अन् मी काय म्हटलं ते?"

मी समजावलं. भांडलो. म्हातारा गेला आता, मेलेल्या माणसाला दिलेल्या शब्दासाठी जिवंत माणसाने का मरायचं? आणि ज्या पोराला वाचवायचं तोच तुम्हाला खुनी म्हणतो आहे. साहेब म्हणाले, "म्हणूनच तं म्हणून राह्यला तो. त्याले माहीत आहे पाणी कोणी मारलं. पण बापाले समजलं होतं हे माहीत नाही. हे कॅसेट चावडीवर लागलं का तो काय करीन, सांगा मले. पेपर वाचता न तुम्ही रोज?"

ताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

साहेबांनी कॅसेट मागे फिरवली. 'सुपर' बॅटरी लावली, कॅमेरा घड्याळासमोर ठेवला आणि बटण दाबलं. म्हाताऱ्याच्या आवाजावर घड्याळाचे काटे चढत गेले. मी हात पुढे करून कॅमेरा बंद करू शकलो असतो. दहा मिनिटांपर्यंत तरी वाचवण्यासारखं बरंच होतं. मी बसून राहिलो. का बसून राहिलो याचं उत्तर मी स्वतःला निरनिराळ्या वयात निरनिराळं दिलं आहे, आणि एकही पटलेलं नाही.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. शांत, चष्मा लावलेले, त्यांना खरं काय ते हवं होतं असं मला वाटलं, आणि त्यामुळेच ते जड गेलं.

"तुम्ही सगळं चित्रीकरण करता म्हणे. मग या गाडीचं कुठे आहे?"

"नाही सर. बॅटरी संपली होती."

"तुमच्याकडे दोन असतात. एक पोटाला बांधलेली असते, असं अर्ध्या तालुक्याने मला सांगितलं."

"आदल्या दिवशी लाईन नव्हती. दोन्ही संपल्या."

"नेमक्या याच गाडीच्या वेळी?"

"हो सर."

खिडकीबाहेर लोक उभे होते. ते हसले. दोन हंगाम साहेबांनी ज्यांना हात वर करून दाखवले होते, तेच लोक. अधिकारी माझ्याकडे वळले. "बॅटरी तुम्ही बदलता ना? संपली होती?"

साहेबांनी मला आधी काही सांगून ठेवलं नव्हतं. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते. मी म्हणालो, "संपली होती सर." आणि सही केली.

साहेबांची नोकरी गेली. मलाही पुढच्या हंगामात बोलावलं नाही, पण माझं काय, मी दुसरीकडे चिकटलो. साहेब मात्र घरातून बाहेर पडेनासे झाले. कॅमेरा त्यांनी विकला नाही आणि वापरलाही नाही. मी सणावाराला जायचो. पूर्वीसारखी प्रत लावून बोलायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम विचारलं, "साहेब, चहा कसा झालाय?" तर म्हणाले, "ठीक आहे." ठीक ही प्रत त्यांच्याकडे कधी नव्हती.

ताईंना मोहल्ल्यात बायका टाळू लागल्या होत्या, कारण पैसे त्यांच्या घरी यायचे हे आता सिद्धच झालं होतं. एकदा साहेब आत असताना त्या मला ओट्यावर म्हणाल्या, "त्यानं बुढ्याचा शब्द पाळला. लय चांगलं केलं. पण माह्या तोंडाले काळं लागलं, ते कोणी इचारलं का मले?" मी म्हणालो, ताई, तुम्हीही त्या दिवशी तिथे होतात. त्या म्हणाल्या, "हाव, होती मी. तुम्हीही होते."

साहेब गेले तेव्हा स्मशानात आम्ही सहा जण होतो. त्यात दोघे जण घरमालकाकडचे. परत येताना त्यांतला एक म्हणाला, "एवढं खाल्लं अन् घरात पाहा काहीच नाही." दुसरा म्हणाला, "खाल्लेलं टिकत नाही राजेहो." मी त्यांच्या दोन पावलं मागे होतो. मला त्यांची कॉलर धरता आली असती. मी चालत राहिलो.

हे सगळं मी इतक्या वर्षांनी लिहितो आहे याला कारण गेल्या उन्हाळ्यात यवतमाळहून दारव्ह्याला जाताना झालेली भेट. एसटी चुकली म्हणून मी काळीपिवळी जीपमध्ये पुढे बसलो. सवाऱ्या भरल्याशिवाय जीप हलत नाही. ड्रायव्हर चाळिशी ओलांडलेला, केस पिकलेले. त्याने माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही पावतीवाले न? केंद्रावरचे?"

मी त्याला ओळखलं नाही. त्याने गावाचं नाव सांगितलं आणि मी ओळखलं.

"शेती देल्ली बटईनं, अर्ध्या वाट्यावर," तो म्हणाला. "ते कापसाचं मले नाही जमलं मंग." मग म्हणाला, "ग्रेडर मेले म्हणे."

"हो. दोन वर्षं झाली."

त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "पाणी मीनंच मारलं होतं. रातच्याला. बुढा झोपला होता तवा." हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की ते पहिल्यांदा सांगत नसावा, निदान स्वतःला तरी रोज सांगत असावा. "अन् ग्रेडरनं पैसे मांगतले नव्हते. मी तिथं नव्हतोच. मले वाटलं आता तो कॅमेरा दाखवीन अन् लोक मले धरतीन. वाट पाहून राह्यलो होतो मी. चौकशीच्या दिवशी खिडकीपाशी मीच उभा होतो सगळ्याइच्या पुढं. तो म्हणे बॅटरी संपली." त्याने माझ्याकडे पाहिलं. "खरंच संपलती का?"

"हो," मी म्हणालो.

"दाखवलं असतं तं बरं झालं असतं. मारलं असतं लोकाइनं, मोकळा झालो असतो." मग समोरच्या काचेकडे पाहत त्याने विचारलं, "माह्या बुढ्याले समजलं होतं का? का पाणी मीनं मारलं म्हणून?"

साहेब माझ्या जागी असते तर काय म्हणाले असते हे मला ठाऊक होतं. मी तेच म्हणालो. "नाही. मला तरी तसं वाटत नाही."

त्याने मान डोलवली. त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा मात्र एकदम उतरला. "म्हणजे मले चांगला समजूनच गेला," तो म्हणाला. "शिवी तं देल्ली असती. माफ तं केलं असतं. ज्याले माहीतच नाही तो माफ काय करीन?"

म्हाताऱ्याने माफ केलं होतं. ते कॅसेटवर होतं, त्याच्या स्वतःच्या आवाजात, आणि ते ऐकलेले जगात आता मी आणि ताई, दोघंच उरलो होतो. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागे दोन बाया चढल्या, कोणीतरी दार आपटलं, आणि त्याने चावी फिरवली.

जीपमध्ये माझ्याशेजारी तो होता आणि पुढे अख्खा रस्ता होता. लाडखेडला जीप थांबली, सवाऱ्या उतरल्या, तिथेही सांगता आलं असतं. साहेबांनी शब्द दिला तेव्हा त्यांना हे पोर जगवायचं होतं, आणि ते पोर जगलं होतं, हे असं. साहेबांचं आणि माझं, दोघांचंही चुकलं, हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं की डोळ्यांत पाणी आलं. दारव्हा आलं. मी उतरलो, त्याला "येतो" म्हणालो, आणि बाजाराकडे चालू लागलो.